उसाचं इथेनॉल, विजेचं टर्बाइन

(दृश्य: गळीत हंगाम. गव्हाणीत पडणारा ऊस, मागे धुराडं.)

कोल्हापूर जिल्ह्यातले कितीतरी साखर कारखाने हंगामात स्वतःची वीज स्वतः करतात, वर उरलेली विकतात. एक टन उसामागे साधारण 280 ते 300 किलो बगॅस, म्हणजे रस काढल्यावर उरलेला चोथा, निघतो. तो बॉयलरमध्ये जाळायचा, वाफ करायची, वाफेवर टर्बाइन. मार्चच्या सुमारास पट्टा पडला, म्हणजे गळीत संपलं, साठवलेला बगॅस सरला, की हे थांबतं.

मळीपासून डिस्टिलरीत होणारं इथेनॉल मात्र टाकीत राहतं. मेमध्येही.

(दृश्य: डिस्टिलरीच्या टाक्या.)

त्यावर वीज होते का? होते. ब्राझीलमध्ये जुईझ दी फोरा इथल्या केंद्रात तिथली सरकारी तेल कंपनी पेट्रोब्रास आणि अमेरिकन कंपनी जीई यांनी 2010 साली नैसर्गिक वायूवरचं टर्बाइन इथेनॉलवर चालवून दाखवलं. गॅस टर्बाइनला बॉयलरच नको. दाबलेल्या हवेत इंधन पेटतं आणि तो तापलेला वायूच पाती फिरवतो. यंत्र काही मिनिटांत वीज द्यायला लागतं. थंड बॉयलरला तासन्‌तास लागतात.

(आलेख: थेंब आणि ज्योत.)

खरी मेख जाळण्यात आहे. द्रव इंधन नुसतं फवारलं, की थेंबाथेंबाभोवती ज्योत धरते. थेंबालगत हवा अपुरी, तिथे काजळी. जरा बाहेर इंधन आणि हवेचं प्रमाण जुळतं, तिथे आच इतकी चढते की हवेतल्याच नायट्रोजनचे प्रदूषक ऑक्साइड होतात. इंधन उसाचं आहे म्हणून यातून सुटका नाही. म्हणून इंधनाची आधी वाफ करायची, ती भरपूर हवेत पुरती मिसळायची, मगच पेटवायची. घरच्या शेगडीचं तेच: हवा नीट मिसळली तर ज्योत निळी, नाहीतर पिवळी आणि पातेल्याचं बूड काळं. मिश्रण वेळेआधी पेटू नये म्हणून काही रचनांत इंधनाच्या वाफेत नायट्रोजन मिसळतात.

इथेनॉल 78 अंशांना उकळतं, त्यामुळे वाफ करणं सोपं. करंजाच्या बियांचं तेल, हे दुसरं जैवइंधन, मात्र घट्ट. वाफ होण्याआधीच त्याचं विघटन सुरू होतं. त्यात सोडियम-पोटॅशियमचा अंश राहिला तर पाती झिजतात ते वेगळंच.

(दृश्य: पेट्रोल पंप.)

आता पैशाचं. किलोमागे इथेनॉलची उष्णता 27 मेगाज्यूलच्या आसपास, डिझेलची 43. शिवाय पेट्रोलमध्ये 20 टक्के मिसळायला इथेनॉल लागतंच. रोजची वीज त्यावर करणं, आमच्या मते, चैन आहे. पावसाळ्यात धरणांचं पाणी असतंच. प्रश्न एप्रिल-मेच्या संध्याकाळचा: हंगाम संपलेला, धरणं खाली गेलेली, सौर पॅनेल मावळतीला थंड, आणि घरोघरी पंखे, कूलर चालू. तेवढ्या तीन-चार तासांपुरतं हे टर्बाइन विचारात घ्यावं. टाकी कारखान्याच्या आवारात आहे, वीज बाहेर नेणारी लाइनही आहे. त्या महाग विजेला युनिटमागे दर कोण देणार, हे आधी ठरायला हवं.