बोल्ट नजरेनं मोजायचा नसतो

नमस्कार श्रोतेहो.

घरात पोराचा विमान-देखभालीचा कोर्स संपला की पेढ्यांच्या डब्यासोबत प्रश्न येतो, 'मग दुबईला कधी?' उत्तर आधीच सांगून टाकतो. लगेच नाही. आधी नागपूरच्या मिहानमधल्या हँगरची, म्हणजे विमान दुरुस्तीच्या शेडची, रात्रपाळी, मग दुबई.

कोर्सचं प्रमाणपत्र म्हणजे लायसन्स नव्हे. मान्यताप्राप्त संस्थेतून शिकलात तरी बी-वन-पॉइंट-वन लायसन्सला, म्हणजे जेट-टर्बाइन विमानांच्या मेकॅनिकल कामाच्या लायसन्सला, चालू सेवेतल्या विमानांवरचा दोन वर्षांचा नोंदलेला अनुभव लागतो. त्यानंतर एअरबस ३२० किंवा बोईंग ७३७ असं टाइप रेटिंग, म्हणजे त्या मॉडेलपुरती परवानगी, वर कंपनीचं ऑथरायझेशन. तेव्हा कुठे विमान 'सोडायची', म्हणजे ते उडायला ठीक आहे असं सांगणारी, सही तुमची. आणि हे झालं डीजीसीएचं, म्हणजे आपल्या विमान-नियामकाचं. युरोपात इआसाचं, म्हणजे तिथल्या विमान-सुरक्षा संस्थेचं लायसन्स चालतं आणि त्याची मॉड्यूल्स, म्हणजे विषयवार परीक्षा, वेगळी द्यावी लागतात. वर्धा रोडवरच्या होर्डिंगवर विमानापुढे हाताची घडी घालून उभा असलेला तो पोरगा यातलं काहीच सांगत नाही. त्याच्या अंगावरचा पांढरा शर्टही हँगरमधला वाटत नाही, पण ते असो.

बाहेरचा मालक तुमचे मार्क बघत नाही, लॉगबुक बघतो, म्हणजे केलेल्या कामांच्या नोंदींची वही. लॉगबुक का, ते कळायला ही गोष्ट ऐका.

१० जून १९९०. ब्रिटिश एअरवेजचं बीएसी वन-इलेव्हन बर्मिंगहॅमहून स्पेनमधल्या मालागाला निघालं. सत्तावीस तास आधी, रात्रपाळीत, त्याची कॅप्टनच्या बाजूची पुढची काच बदलली होती. काचेला बोल्ट नव्वद. माणसं कमी होती म्हणून शिफ्ट मॅनेजरनं काम स्वतःच घेतलं. अनुभवी माणूस, बरं का. जुना बोल्ट काढून पाहिला, सेव्हन-डी. यात आकडा लांबीचा, अक्षर जाडीचं. स्टोअरवाला म्हणाला, 'या काचेला एट-डी लावतात.' यानं ऐकलं आणि सोडून दिलं. स्टोअरात पुरेसे सेव्हन-डी नव्हते, म्हणून गडी दुसऱ्या ठिकाणच्या खणांकडे गेला. तिथे उजेड कमी, वाचायचा चष्मा लावलेला नाही. जुना बोल्ट नव्याशेजारी धरून नजरेनं जुळवला आणि उचलले एट-सी. जाडीतला फरक किती? ०.०२६ इंच. पाऊण मिलिमीटरसुद्धा नाही. नव्वदपैकी चौऱ्याऐंशी बोल्ट असे बारीक बसले.

ती काच बाहेरून बसवायची होती. म्हणजे केबिनमधला दाब तिला बाहेरच ढकलणार, धरून ठेवणार फक्त बोल्ट. १७,३०० फुटांवर काच उडाली आणि कॅप्टन कमरेपर्यंत विमानाबाहेर! केबिन क्रूनं पाय घट्ट धरून ठेवले, को-पायलटनं विमान साउदॅम्प्टनला उतरवलं. कॅप्टनसकट सगळे जिवंत राहिले.

आता खरी मेख ऐका. ते जुने सेव्हन-डी बोल्टही चुकीचेच होते, लांबीला कमी. चार वर्षं तसेच उडत होते. म्हणजे नजरेनं अगदी तंतोतंत जुळवलं असतं तरी उत्तर चुकलंच असतं. पार्ट नंबर कॅटलॉगमध्ये पाहायचा, जुन्या बोल्टावर नाही. पुन्हा सांगतो, जुन्या बोल्टावर नाही. 'माझा हात बसलाय' हे वाक्य आपल्याकडे कौतुकानं म्हणतात. स्कूटरच्या गॅरेजात म्हणा.

म्हणून लॉगबुक. 'लँडिंग गिअरवर काम केलं' या नोंदीला कोणी विचारत नाही. तारीख, विमानाचं व्हीटी-पासून सुरू होणारं रजिस्ट्रेशन, एटीए चॅप्टर म्हणजे विमानातल्या त्या यंत्रणेचा ठरलेला क्रमांक, टास्क कार्डाचा म्हणजे कामाच्या सूचनापत्राचा नंबर, नेमकं काय केलं ते, म्हणजे 'दोन नंबरचं मुख्य चाक बदललं' असं, आणि देखरेख करणाऱ्याची सही, त्याच्या लायसन्स नंबरासकट. सही त्याच आठवड्यात घ्या. साहेब नोकरी बदलून हैदराबादला गेला की वर्षभराच्या नोंदी कोऱ्या राहतात. हे वरचेवर घडतं.

व्हिसाची वाट बघत घरीही बसू नका. मागच्या चोवीस महिन्यांत सहा महिन्यांचा अनुभव नसेल तर लायसन्स असूनही सही चालत नाही.

एजंटचं थोडक्यात. तो ई-मायग्रेटवर, म्हणजे परदेशी नोकऱ्यांच्या सरकारी पोर्टलवर, नोंदलेला हवा. फी जास्तीत जास्त तीस हजार रुपये आणि वर जीएसटी, तीही पावती घेऊन. दहावी पास असल्यानं तुमच्या पासपोर्टला एमिग्रेशन क्लिअरन्स, म्हणजे नोकरीसाठी देश सोडायची सरकारी मंजुरी, लागत नाही. ऐकायला बरं वाटतं, पण त्याचाच अर्थ असा की तुमचा करार सरकारी टेबलावर कोणी वाचणार नाही, तो तुम्हालाच वाचायचा आहे. टुरिस्ट व्हिसावर 'जाऊन बघू' म्हणणाऱ्याला तिथूनच नमस्कार करा.

आणि लॉगबुकच्या प्रत्येक पानाची झेरॉक्स काढून ठेवा. मूळ प्रत एजंटच्या हातात द्यायची नाही, दोन दिवसांसाठीसुद्धा नाही.