शेक, शेगडी आणि सौना

(दृश्य: सोलापूर, टॉवेलचा यंत्रमाग. फणी आणि कापड अगदी जवळून.)

या मागावर ताण्याचे, म्हणजे उभ्या धाग्यांचे, दोन बीम आहेत. एक ताणा घट्ट ओढलेला, दुसरा सैल सोडलेला. फणी दोनदा पुढं येते, पण कापडाला भिडत नाही. तिसऱ्या बाण्याला, म्हणजे आडव्या धाग्याला, मात्र जोरात ठोकते. तिन्ही बाणे एकदम सरकतात आणि सैल ताण्याचे फुगे कापडावर उभे राहतात. तयार झाला टेरी टॉवेल.

ही वीण तुर्कस्तानातली, हमामखान्यांसाठी केलेली. हेन्री क्रिस्टी नावाच्या इंग्रजानं बुर्सा भागातले असे हातविणीचे टॉवेल मायदेशी नेले, तिथं ते यंत्रावर विणायची युक्ती निघाली आणि 1851 साली लंडनच्या मोठ्या प्रदर्शनात ते मांडले गेले. पुढं ही वीण सोलापुरात एवढी रुजली, की इथल्या चादरीसारखंच टेरी टॉवेललाही भौगोलिक मानांकन मिळालं. घाम टिपायचं कापड या गावातून देशोदेशी जातं. घाम काढायची रीत इथं कुठं सापडते का, ते बघायला आम्ही कॅमेरा घेऊन फिरलो.

(दृश्य: संग्रहित छायाचित्रं. हमाम, सौना.)

बाहेरच्या देशांत आम्ही गेलेलो नाही, त्यामुळे तिकडचं थोडक्यात.

इस्तंबूलचा जाआलोलू हमाम 1741 सालचा. घुमटाखाली मधोमध तापलेला संगमरवरी ओटा. त्यावर अंग टाकायचं, घाम सुटला की सेवक खरबरीत हातमोज्यानं अंग घासतो आणि मळाच्या वळ्या निघतात. जमिनीखालून आच खेळवायची कल्पना त्याहून जुनी, रोमन स्नानगृहांतली.

फिनलंडची लोकसंख्या साधारण 55 लाख आणि सौना 30 लाखांच्या आसपास. चुलीवर दगड रचलेले, त्यावर डावानं पाणी टाकायचं, अंगावर वाफेची लाट येते. भूर्जाच्या पानांच्या जुडीनं अंगावर सपासप मारून घ्यायचं. जुन्या पद्धतीच्या धूर-सौनाला धुराडंच नसतं. तास न् तास जाळ करतात, भिंती काळ्या होतात, विस्तव विझला की धूर बाहेर सोडतात आणि मगच माणसं आत जातात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत खेड्यापाड्यांतल्या फिनिश बायका याच खोलीत बाळंत होत. गरम पाणी हाताशी, जागा स्वच्छ आणि उबदार. हा धागा लक्षात ठेवा.

मेक्सिकोतलं तेमास्काल म्हणजे दगडाचं किंवा मातीचं बुटकं घुमट-घर. दार इतकं खाली, की रांगतच आत जावं लागतं. तापलेल्या दगडांवर औषधी पाल्याचं पाणी शिंपडतात. बाळंतिणीला सुईण इथं घेऊन येते. ही चाल स्पॅनिश लोक येण्याच्या आधीपासूनची आणि आजही काही गावांत चालू.

अमेरिकेतल्या लाकोटा लोकांची इनिपी ही तर प्रार्थनाच. विलोच्या फांद्या वाकवून केलेलं खोपट, बाहेरच्या आगीत लाल झालेले दगड आतल्या खड्ड्यात आणायचे आणि अंधारात त्यांच्यावर पाणी. मूळ रहिवाशांच्या धर्मविधींवर तिथल्या सरकारनं 1883 पासून नियम काढून बंदी घातली होती. पूजा-विधींच्या स्वातंत्र्याचा कायदा व्हायला 1978 उजाडलं. आता तोच विधी पैसे घेऊन करणारे उपरे निघालेत. 2009 मध्ये ॲरिझोनात अशा एका शिबिरात तीन माणसं दगावली.

(दृश्य: सिद्धेश्वर तलाव, सकाळ. ड्रोन.)

तलावावरचं हे चित्रण आहेच, तर चरकसंहितेतलं जेंताक इथंच सांगतो. सूत्रस्थानाचा चौदावा अध्याय निव्वळ घाम काढण्यावर आहे. विस्तवाच्या मदतीनं घाम काढायचे तेरा प्रकार त्यात दिलेत, त्यातलं जेंताक सर्वांत थाटाचं. जलाशयाच्या काठी मातीनं लिंपलेलं गोल घर बांधायचं. आत भिंतीला लागून फिरता कट्टा. मधोमध पुरुषभर उंचीची, भोकाभोकांची मातीची भट्टी, तीत खैराची लाकडं. लाकडं जळून धूर सरला, की अंगाला तेल लावलेल्या रोग्याला आत घ्यायचं आणि बजावायचं, की घेरी आली तरी कट्टा सोडू नकोस. सोडलास तर दार सापडणार नाही आणि जिवाला मुकशील. बाहेर आल्यावर लगेच गार पाणी नाही. थोडा वेळ थांबून कोमट पाण्यानं अंघोळ. सौनातून निघून थेट गोठलेल्या तळ्यात उडी मारणाऱ्या फिनिश माणसाला चरकानं चांगलंच झापलं असतं!

विस्तवाशिवाय घाम काढायचे दहा प्रकारही याच अध्यायात आहेत. व्यायाम, जाड पांघरूण, भूक, भीती, राग, लढाई… आणि सगळ्यात शेवटी ऊन. हा शेवटचा उपाय सोलापूरकराला मे महिन्यात फुकट मिळतो. जाड पांघरुणाला तर आमची चादर आहेच.

(दृश्य: पूर्व भागातलं घर. आतली खोली, बाज, शेगडी. नैसर्गिक आवाज ठेवणे.)

पण आम्हाला दाखवायची होती ती ही खोली.

बाळंतीण दहा दिवसांची आहे. न्हाऊ घालणाऱ्या मावशी सकाळीच आल्यात. आधी तेल. कंबर, पाठ, पोटऱ्या, तळवे. हात सुटा चालतो, पण अंगठा मणक्याच्या कडेनं दाबत खाली येतो. मग न्हाणीत कढत पाणी, तांब्यामागून तांब्या, कंबरेवर.

बाज मुद्दाम सुंभाची घेतलीय. प्लॅस्टिकच्या पट्टीची खाट इथं चालत नाही, आच लागली की पट्टी वितळते. बाजेवर जुनेर लुगड्याची एकच घडी. शेगडीत गोवऱ्या मघाशीच पेटवल्या, त्याही अंगणात. धूर पुरता जाईपर्यंत मावशी शेगडी उंबऱ्याच्या आत येऊ देत नाहीत. निखाऱ्यावर राखेची साय धरली, की मगच ती बाजेखाली सरकते. वर हात धरून मावशी आच बघतात, शेगडी बोटभर अलीकडं ओढतात.

"आता टेक गं. डोकं झाक. कानात बोळे घातलेस का?"

बाळंतीण आडवी होते. वरून चादर चारी बाजूंनी खाली सोडलेली, म्हणजे ऊब बाहेर जात नाही. मावशी चिमूटभर ओवा, शेपा आणि लसणाची सालं निखाऱ्यावर टाकतात. तडतड होते, वास खोलीभर पसरतो. थोड्या वेळानं कपाळावर घाम डवरतो, मग मानेवर. "कूस बदल." दुसऱ्या अंगानं तेवढाच वेळ. उठल्यावर घाम टिपायला टॉवेल आहेच.

चरकाच्या तेरा प्रकारांत होलाक नावाचा एक आहे. खाटेच्या मापानं शेणाच्या गोवऱ्या रचून पेटवायच्या, धूर पूर्ण सरला की त्यावर बिछाना मांडायचा आणि तेल लावलेल्या माणसाला पांघरूण घालून वर निजवायचं. शेगडी लहान झाली एवढाच काय तो फरक. मावशींनी संहिता वाचलेली नाही. त्यांना हे त्यांच्या आईनं दाखवलं.

घुमट नाही, कोनशिला नाही, शुल्काचा फलक नाही. म्हणून याला कोणी घर्मस्नान म्हणत नाही. बायकांचं घरातलं काम म्हणून ते सोडून दिलं जातं. एस्टोनियाच्या वोरुमा भागातलं धूर-सौना 2014 मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेलं, फिनलंडची सौना-संस्कृती 2020 मध्ये. आमच्या मते या खोलीतली रीत त्यांच्या पंगतीतली आहे.

(दृश्य: दवाखान्याचा बोर्ड, रस्ता.)

धुरानं आईच्या आणि बाळाच्या छातीला त्रास होतो, बंद खोलीत निखारे जिवावर बेततात आणि सिझरच्या टाक्यांना आच नको, म्हणून डॉक्टर हल्ली शेगडीला नाही म्हणतात. वाफाऱ्याचंही तेच. करोनात घरोघर लोक पातेल्यावर वाकले, त्यानं विषाणू मरत नव्हता, भाजून मात्र घेतलं काहींनी.

(दृश्य: मावशी, पायरीवर. चहा.)

मावशींची सून युनिफॉर्मच्या कारखान्यात शिलाईला जाते. हे काम तिला नको आहे आणि मावशीही आग्रह धरत नाहीत. चित्रणानंतर आम्ही त्यांच्याकडून सगळा क्रम लिहून घेतला: तेल कुठलं, गोवऱ्या किती, धुरीत काय, खिडकी कधी उघडायची, कुठल्या बाळंतिणीला शेक द्यायचा नाही. शेवटच्या प्रश्नाला त्यांनी सर्वांत जास्त वेळ घेतला.