ब्लूगिल आणि क्रॅपीसाठी छोटा जिग: आधी वजन बघा, मग रंग

नमस्कार मंडळी, मिनेसोटामध्ये बर्फ वितळला की गरवायला जायचे प्लॅन सुरू होतात आणि मग दरवर्षी तोच प्रश्न, ब्लूगिलसाठी कुठल्या रंगाचा जिग, म्हणजे धातूचं वजनदार डोकं असलेला गळ, घेऊ. रंगाचं आपण शेवटी बघू, कारण माझं स्पष्ट मत आहे की पॅनफिशसाठी, म्हणजे ब्लूगिल, पंपकिनसीड, क्रॅपी, यलो पर्च या तळहाताएवढ्या माशांसाठी, आधी वजन ठरवायचं असतं. वजन चुकलं तर रंग कितीही भारी असू दे, मासा नुसता बघत बसतो.

का ते दाखवतो. ही काचेची उंच बरणी आहे, पाण्याने भरलेली. हा डाव्या हातातला जिग १/१६ औंसचा, साधारण पावणेदोन ग्रॅम. सोडतो... बघा, थेट तळाला. आता हा १/६४ औंसचा, अर्ध्या ग्रॅमहून कमी, आणि याला मागे पिसाची शेपटी आहे. सोडतो... बघताय ना, कसा रमतगमत खाली चाललाय आणि जाताना पीस फुलतंय, मिटतंय. ब्लूगिल चावा घेत नाही हो, तो तोंड झटकन उघडतो आणि पाण्यासकट भक्ष्य आत ओढून घेतो. हलका जिग त्या ओढीबरोबर आत जातो, जड जिग जागचा हलत नाही, मग तुम्हाला वरती नुसती टुकटुक जाणवते आणि हाती काहीच नाही. आणि जास्तीत जास्त मासे जिग खाली पडत असतानाच लागतात, त्यामुळे तो हळू पडला पाहिजे.

माझा हिशोब असा की चार-पाच फूट पाणी, वारा नाही, बोया लावून गरवताय, तर १/६४. आठ-दहा फुटांपर्यंत १/३२. वारा असेल किंवा त्याहून खोल जायचं असेल तर १/१६, त्याच्यावर जायची गरज मला सहसा वाटत नाही. दोरी २ ते ४ पौंड ताण सोसणारी, कारण जाड दोरीवर एवढा हलका जिग नीट पडतच नाही आणि फेकताही येत नाही. गळाचा नंबर ब्लूगिलला ८ किंवा १०, क्रॅपीचं तोंड मोठं म्हणून ४ किंवा ६. नवीन लोकांनी लक्षात ठेवा, इथे नंबर मोठा म्हणजे गळ छोटा.

आता बनवूया. डोकी मी तयार विकत घेतो, आणि शिशाची घेत नाही. लून हा मासे खाणारा पाणपक्षी मिनेसोटाचा राज्यपक्षी आहे, तो तुटलेल्या दोरीसकट मासा गिळतो किंवा तळातले खडे टिपताना शिसं गिळतो, आणि एक छोटा तुकडासुद्धा त्याचा जीव घ्यायला पुरतो. न्यू हॅम्पशायरमध्ये १ औंस किंवा त्याहून हलके शिशाचे जिग विकायला आणि गोड्या पाण्यात वापरायला बंदीच आहे, मॅसॅच्युसेट्समध्येही आतल्या तळ्यानद्यांत चालत नाहीत. आपण बंदीची वाट कशाला बघायची? बिस्मथ-टिनची डोकी मिळतात, टंगस्टनचीही मिळतात. टंगस्टन महाग आहे पण शिशापेक्षा जवळपास पावणेदोन पट जड, म्हणजे तेवढ्याच वजनात डोकं लहान, म्हणून हिवाळ्यात बर्फाला भोक पाडून गरवताना तेच बरं.

रंगवायचं असेल तर पावडर पेंट घ्या, म्हणजे गरम धातूवर वितळून चिकटणारी रंगाची भुकटी. जिग पकडीत धरून मेणबत्तीच्या किंवा गॅसच्या छोट्या टॉर्चच्या आचेवर काही सेकंद गरम करायचा, पावडरमध्ये झटकन फिरवून काढायचा, आणि गळाचं दोरी ओवायचं कडं गरम असतानाच सुईने मोकळं करायचं, नाहीतर तळ्यावर थंडीत बसून रंग खरवडत बसाल. बिस्मथवाला जिग फार तापवू नका, तो शिशाच्या खूप आधी वितळतो. ओव्हनमध्ये भाजायचा असेल तरी आधी पाकिटावरची सूचना वाचा, आणि जेवणाचा ओव्हन त्यासाठी अजिबात वापरायचा नाही.

पीस बांधायचं, हा माझा सगळ्यात आवडता भाग. कॅमेरा जवळ घेतो. वाइस, म्हणजे गळ घट्ट धरून ठेवणारा शिकंजा, नसेल तर लॉक होणारी पकड टेबलाला घट्ट बांधा, चालतं. आधी डोक्याच्या मागून गळाच्या वळणापर्यंत धागा लपेटून घ्यायचा, म्हणजे वरचं काही घसरत नाही. हे मॅराबू, टर्कीचं मऊ पीस. बोटं ओली करून एक छोटा झुपका वेगळा करा, कोरडं असलं की सगळीकडे उडतं. बघा, ओलं झालं की किती बारीक होतं, पाण्यात ते एवढंच दिसणार, त्यामुळे कोरडं असताना जाड वाटलं तरी घाबरू नका. शेपटी गळाच्या दांडीएवढी, लांब ठेवलीत तर ब्लूगिल नुसती शेपटी ओढून पळतो. पाच-सहा घट्ट वेढे. लांबी जास्त झाली तर कात्रीने कापू नका, नखाने चिमटून तोडा, कात्रीने टोक बोथट होतं आणि मग ते ब्रशसारखं दिसतं. आता शेनील, म्हणजे लव असलेली मऊ दोरी, त्याच्या टोकाची लव नखाने काढून आतला दोरा उघडा करा, तो दोरा शेपटीच्या बुडाशी बांधा, धागा पुढे आणा, शेनील एकाला एक चिकटवत पुढे गुंडाळा, डोक्यामागे बांधून दोन-तीन गाठी आणि वर थेंबभर पारदर्शक नेलपॉलिश. झाला. गळाच्या टोकामागचा छोटा उलटा काटा मी पकडीने दाबून टाकतो, मासा परत सोडायला सोपं जातं, आणि मोठे नर ब्लूगिल जूनमध्ये घरटं राखत असतात, ते तर सोडाच सोडा.

रंग, एकदाचा. गढूळ पाण्यात शार्ट्रूज (भडक पिवळट हिरवा) किंवा काळा, स्वच्छ पाण्यात पांढरा किंवा ऑलिव्ह, गुलाबी जवळ असू द्या. बस्स. मासे नुसते टोचून जात असतील तर रंग बदलायच्या आधी वजन कमी करा, किंवा टोकाला एक वॅक्सवर्म, म्हणजे आमिषाची छोटी अळी, लावा.

क्रॅपीसाठी दोन गोष्टी. त्याचे डोळे वरच्या बाजूला असतात, तो वर बघून खातो, म्हणून जिग त्याच्या थोडा वर ठेवायचा, खाली गेला तर त्याला दिसतच नाही. आणि तोंड कागदासारखं पातळ, त्यामुळे हिसका द्यायचा नाही, काठी नुसती वर उचलायची. जिग पाण्यात आडवा लटकला पाहिजे, त्यासाठी गाठ कड्याच्या अगदी वर आणि किंचित मागे ठेवायची, ती पुढे सरकली की जिग शेपटी खाली करून उभा राहतो. प्रत्येक मासा काढल्यावर गाठ पुढे आलेली असते, म्हणून परत टाकायच्या आधी बोटाने मागे सरकवून घ्या.