शब्द दिला की मैदानात उतरायचं

नमस्कार श्रोतेहो. जत्रांचा हंगाम तोंडावर आलाय. कोल्हापूर, सांगली, साताऱ्याकडच्या तालमींत यात्रा कमिट्यांचे फोन सुरू झालेत. आज बोलायचंय ते अशा पैलवानांविषयी, ज्यांच्या पाठीशी ना नोकरी, ना कुणी मोठा देणगीदार. महाराष्ट्र केसरीची गदा वर्षाला एखाद-दुसऱ्याच्याच खांद्यावर जाते. बाकीच्यांचं दूध, तूप, बदाम, मटण बरंचसं जत्रेतल्या इनामावर चालतं.

मोठ्या जोडी आधीच ठरतात, पोस्टरवर दोघांचे फोटो येतात. त्यात वस्तादाची ओळख लागते. नवख्या पोरानं मात्र लंगोट कसायचा, मैदानात फेरी मारायची आणि जोड मागायची. कमिटीतली जुनी मंडळी दोघांना शेजारी उभं करतात, खांदे-दंड बघतात, इनाम बोलतात आणि हात मिळवून देतात.

तेवढ्या वेळात पोराची पारख होते बरं का! नखं कापलीत का, अंगाला तेल चोपडून आलाय का, समोरचा जरा जड दिसला की इनामावरून घासाघीस करतो का, सगळं दिसतं. गुडघा दुखावला असेल तर आदल्या दिवशी फोन करून सांगणाऱ्याला पुढच्या साली पुन्हा बोलावणं येतं. पोस्टरवर नाव छापून घेऊन दुसऱ्या गावी जास्त इनामाला पळणाऱ्याचं नाव मात्र चार तालुक्यांत खराब होतं. कमिटीवाले एकमेकांचे पाहुणेच असतात, हे पोरं विसरतात.

आणि नुरा कुस्ती. दोघांनी आधीच ठरवायचं, थोडी खडाखडी करायची, बरोबरीत सोडवायची, इनाम वाटून घ्यायचं. यामागचं कारण मला कळतं. हंगाम थोड्या महिन्यांचा, उद्या दुसरं मैदान, आज खांदा निखळला तर पुढचं सगळं बुडालं. तरीही मी त्याची बाजू घेणार नाही. ते इनाम गावाच्या वर्गणीतून आलेलं असतं आणि उन्हात बसलेला म्हातारा निकाली कुस्ती बघायला आलेला असतो. त्याला नुरा पहिल्या पकडीतच कळते. सुया टोचून फुगवलेल्या अंगाचंही तेच, जाणत्याच्या नजरेतून ते सुटत नाही.

खाशाबा जाधवांचं ऑलिंपिक पदक सगळ्यांना ठाऊक आहे. १९५२, हेलसिंकी, कांस्य. पण तिथं जायला पैसे कुठून आले? कराडजवळच्या गोळेश्वरच्या या पैलवानानं दारोदार मदत मागितली. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी तर स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. पदक घेऊन परतल्यावर कराडपासून बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, ती हकिकत सगळे रंगवून सांगतात. मला जास्त मोलाचं वाटतं ते त्यानंतरचं. खाशाबांनी कुस्त्यांची मैदानं भरवली आणि त्यातून प्राचार्यांचे पैसे फेडले. ऑलिंपिकचं पदक गळ्यात असलेला माणूस देणं फेडायला पुन्हा लाल मातीकडंच आला.

आता दोन शब्द कमिटीवाल्यांना. सगळी शिस्त पैलवानानंच पाळायची, असा करार कुठं झालेला नाही. माईकवर एक आकडा आणि हातात दुसरा, हे प्रकार मी पाहिलेत. मैदानाशेजारी डॉक्टर ठेवा. माती आदल्या दिवशी उकरून, खडे वेचून घ्या. दिवस मावळल्यावर अंधुक उजेडात शेवटच्या जोडी उरकू नका. आणि इनाम त्याच रात्री, सगळ्यांदेखत मोजून द्या. पोराला शेवटची एसटी गाठायची असते, पहाटे पुन्हा जोर-बैठकांना उभं राहायचं असतं.

नमस्कार.