तिबिलिसीतला एक शनिवार

(मेट्रोचा सरकता जिना. कॅमेरा खाली खाली जातोय.)

जॉर्जियाची राजधानी तिबिलिसी. इथल्या मेट्रोत शिरलं की आधी नुसता जिनाच लागतो. ही १९६६ सालची, सोव्हिएत काळातली मेट्रो. जिना इतका खोल की उतरता उतरता माणसं पुस्तकाची दोन पानं वाचून काढतात, आणि आम्ही मेडिकलवाले ॲनाटॉमीच्या नोट्स. जॉर्जियात डॉक्टरकी शिकायला आलेली मराठी मुलं थोडीथोडकी नाहीत. मी त्यातलीच एक, सांगलीची. आज मात्र नोट्स खोलीवर ठेवल्यात. दिवसभर शहर बघायचं आणि संध्याकाळी वर्गमैत्रिणीच्या घरी जेवायला जायचं.

(रोपवे. खाली नदी, लाकडी सज्ज्यांची घरं.)

रिके पार्कातून रोपवे नारिकला किल्ल्याकडे चढतो. वर उभी आहे 'कार्तलिस देदा', जॉर्जियाची आई. शहराला दीड हजार वर्षं झाली म्हणून १९५८ साली उभारलेला, २० मीटर उंचीचा पुतळा. एका हातात तलवार, दुसऱ्या हातात वाइनचा वाडगा. शत्रू आला तर तलवार, पाहुणा आला तर वाडगा.

पायथ्याशी आलं की जमिनीतून विटांचे घुमट वर आलेले दिसतात. ही गंधकाच्या गरम पाण्याची स्नानगृहं. वास म्हणाल तर वज्रेश्वरीला जाऊन आलेल्याला सांगायला नको! 'तबिली' म्हणजे ऊबदार; शहराचं नाव त्यावरूनच पडलं.

(तळघरातली बेकरी. भट्टीतला लाल उजेड.)

इथे मी अर्धा तास रेंगाळले. 'तोने' म्हणजे विहिरीसारखी गोल, खोल भट्टी. बेकरीवाला कमरेतून असा वाकतो की आता आत पडतोय की काय असं वाटतं, आणि कणकेचा लांबट गोळा आतल्या भिंतीला थापतो. थोड्या वेळानं होडीच्या आकाराचा खरपूस पाव बाहेर. या पावाला जॉर्जियन भाषेत चक्क 'पुरी' म्हणतात. आल्या आल्या आईला फोनवर सांगितलं होतं, "इथे रोज पुरी खाते." ती म्हणाली, "एवढं तेलकट नको खाऊस गं."

(संध्याकाळ. जेवणाचं टेबल.)

मैत्रिणीच्या आजीला सगळे 'बेबिया' म्हणतात. मी मांस खात नाही, अंडं खात नाही, हे ऐकून तिनं नातीकरवी विचारलं, "उपास आहे का हिचा?" इथल्या ऑर्थोडॉक्स पंथात बुधवार-शुक्रवारी उपास असतो, मांस, अंडी, दूध सगळं बंद. अशा जेवणाला 'सामार्ख्वो' म्हणतात. शाकाहारी माणसानं हा एक शब्द पाठ केला की हॉटेलात उपाशी राहावं लागत नाही. गंमत बघा, राजमा आपल्या उपासाला वर्ज्य आणि यांच्या उपासाला तोच मुख्य! मातीच्या भांड्यात शिजवलेला 'लोबिओ' आणि सोबत मक्याची भाकरी.

मग आली खिंकाली. बघितली आणि मी म्हटलं, अरे, हा तर उकडीचा मोदक! त्याच कळ्या, वर तसंच नाक. फक्त पारी मैद्याची आणि आत सारण मश्रूमचं. मी काटा उचलला. बेबियानं तो शांतपणे माझ्या हातातून काढून घेतला. शेंड्याला धरायचं, उलटं करायचं, बारीकसा चावा घेऊन आधी आतला रस ओढायचा, मग उरलेलं खायचं. शेंडा ताटातच ठेवायचा. कोणी किती हाणल्या ते त्या शेंड्यांवरून कळतं. माझे पाच झाले. मैत्रिणीच्या भावाचे चौदा.

अशा मेजवानीला 'सुप्रा' म्हणतात, आणि तिचा सूत्रधार 'तमादा'. आज तो मान मामांचा. तहान लागली म्हणून मी आपला सरबताचा घोट घेतला, तर सगळे माझ्याकडे बघायला लागले. वाइन असो नाहीतर माझं हिरवंगार तार्खुना सरबत, तमादा शुभेच्छेचे चार शब्द बोलून होईपर्यंत पेला तोंडाला लावायचा नाही. मामा शांततेसाठी बोलले. मग गेलेल्यांसाठी, आणि लगेच लहान मुलांसाठी. प्रत्येक वेळी पेले उंचावून "गाउमार्जोस!", म्हणजे विजय असो!

एवढ्यात मामा माझ्याकडे वळून म्हणाले, "अलावेर्दी." म्हणजे आता तू बोल.

वायवाला लटपटतात तसे पाय लटपटले. बेबियाच्या हातांकडे बघून म्हटलं, माझी आजीही अशाच कळ्या पाडते, दोघींच्या हातांसाठी. मैत्रिणीनं भाषांतर केलं. बेबिया काही बोलली नाही, उठून आत गेली.

(ताटाचा जवळून शॉट.)

परत आली ती गरम खिंकाली घेऊन. माझ्या ताटात आता सात शेंडे आहेत.