वीतभर पाणी

(पडद्यावर : चांगदेव, पावसाळ्याचा शेवट. तापी-पूर्णेचा संगम काठोकाठ भरलेला.)

चांगदेवच्या काठावरून हतनूर धरणाचे ४१ दरवाजे दिसत नाहीत. ते बंद झाले की इथलं पाणी चढतं, उघडले की उतरतं. याला फुगवटा म्हणतात, हे आमच्याकडच्या पोरासोरांनाही सांगावं लागत नाही.

हृदयाचा डावा कप्पा दमला, त्याला रक्त पुढे नीट ढकलता येईना, की मागे असाच फुगवटा होतो. मागे असतात फुप्फुसं. बिघाड हृदयात आणि धाप छातीत. "दम लागस, बाकी काही नही," असं आमचे आबा म्हणतात ते त्यामुळेच. हे आबा म्हणजे कुणी एक माणूस नव्हे. यावल-रावेरच्या कुठल्याही केळीच्या बागेत ते भेटतील. आडवं झालं की खोकला, म्हणून दोन उश्या. मग तीन. मग खाटेवर बसूनच रात्र काढायची.

(पडद्यावर : कॅथलॅब, म्हणजे हृदयात नळी घालून तपासायची खोली. मॉनिटरवर दाबाची हिरवी लाट.)

पहाटे कळ आली, घाम फुटला, ॲसिडिटी समजून सोडा पिण्यात दोन तास गेले आणि मग आबा जळगावला पोचले. आता मनगटातून गेलेली बारीक नळी हृदयापर्यंत आली आहे. तिचं टोक डुकराच्या शेपटीसारखं वळलेलं, नावही तेच : पिगटेल. ती महाधमनीच्या झडपेतून डाव्या कप्प्यात उतरते आणि पडद्यावरची लाट बदलते. आता शेंड्याकडे बघू नका, पायथ्याकडे बघा. कप्पा पूर्ण भरलाय, आवळायला अजून सुरुवात व्हायचीय. त्या क्षणाचा दाब आपल्याला हवा आहे.

दंडाला पट्टा बांधून मोजतात ते बीपी वेगळं. ते धमनीतलं. हा दाब आतला, भरणीचा. धडधाकट हृदयात तो पाऱ्याच्या १२ मिलिमीटरपर्यंत असतो. १८ च्या वर गेला की फुप्फुसांत रक्त तुंबायला लागतं आणि २५ च्या पुढे पाणी झिरपून हवेच्या पिशव्यांत उतरू शकतं. पारा पाण्याच्या साडेतेरा पटींहून जड. म्हणजे १८ मिलिमीटर पारा म्हणजे साधारण साडेचोवीस सेंटिमीटर पाणी. वीतभर. माणूस बुडायला एवढ्या पातळीपासून सुरुवात होते.

आता डॉक्टर मनातल्या मनात एक भागाकार करतात. वरचं बीपी भागिले हा आतला दाब. १२० ला १२ नं भागलं, दहा आले, ठीक. ९० ला ३० नं भागलं, तीन आले. म्हणजे पुढचा जोर संपत चाललाय आणि मागचा फुगवटा वाढतोय. हार्ट अटॅकमध्ये तातडीची अँजिओप्लास्टी झालेल्या रुग्णांच्या अभ्यासात हे उत्तर चार किंवा त्याहून कमी आलेल्यांना दवाखान्यातच दगावण्याचा धोका बराच जास्त दिसला. तिसरीतल्या पोराला जमेल असं गणित. मला यातलं आवडतं ते हे की त्याला वेगळी तपासणी लागत नाही, नळी आत गेलेलीच असते. पण ही काही जन्मपत्रिका नव्हे. आकडा सांगतो तो इतकाच, की या पेशंटवरून आज रात्री नजर हटवू नका.

आकडा फसवतोही. दाब मोजणारा ट्रान्सड्यूसर छातीच्या मध्याच्या उंचीला लावून शून्य करावा लागतो. कुणी पलंग दहा सेंटिमीटर वर घेतला आणि ट्रान्सड्यूसर खालीच राहिला, तर सात मिलिमीटर फुकटचे वाढतात. बरा असलेला आबा कागदावर आजारी. गवंड्याची लेव्हलची नळी बघितली असेल, तर यात नवं काही नाही.

(पडद्यावर : जुनं छायाचित्र, एक्स-रे.)

हृदयात नळी घालता येते हे दाखवलं वेर्नर फोर्समान या पंचविशीच्या जर्मन डॉक्टरानं, १९२९ साली, स्वतःच्याच दंडाच्या शिरेतून. नळी तशीच आत ठेवून तो जिना उतरून एक्स-रेच्या खोलीत गेला. १९५६ चं नोबेल तिघांत वाटलं गेलं, त्यात तो होता. १९७० मध्ये स्वान आणि गान्झ यांनी टोकाला फुगा असलेली नळी आणली. ती रक्ताबरोबर वाहत उजव्या बाजूनं फुप्फुसाच्या धमनीत जाते. तिथल्या फांदीत फुगा अडकला की पुढचं रक्त थांबतं आणि त्या थांबलेल्या रक्तातून पलीकडच्या, डाव्या बाजूचा दाब कळतो. चांगदेवला उभं राहून हतनूरची पातळी वाचायची, तसंच.

मग ती प्रत्येकालाच घालावी का? २००५ मध्ये ४३३ रुग्णांवरच्या चाचणीचे निकाल आले. हार्ट फेल्युअरच्या, म्हणजे हृदय असं दमलेल्या, रुग्णांत ही नळी सरसकट वापरून मृत्यू कमी झाले नाहीत. नुसतं मोजून पाणी उतरत नाही, दरवाजा कुणीतरी उघडावा लागतो.

अमेरिकेत २०१४ पासून फुप्फुसाच्या धमनीत बसवायच्या बिनबॅटरीच्या छोट्या सेन्सरला परवानगी आहे. पेशंट रोज घरी एका खास उशीवर आडवा होतो, आकडा डॉक्टरांकडे जातो, गोळीचा डोस बदलतो. ५५० रुग्णांच्या चाचणीत सहा महिन्यांत हार्ट फेल्युअरमुळे भरती होण्याचं प्रमाण २८ टक्क्यांनी घटलं. कारण सरळ आहे : धाप लागण्याच्या कितीतरी दिवस आधी आतला दाब चढू लागतो.

(पडद्यावर : यावलकडचं एक अंगण. खाटेवर बिबडे वाळत घातलेले.)

तो सेन्सर या अंगणात येईल तेव्हा येईल. तोवर तालुक्याचा डॉक्टर आबांना पंचेचाळीस अंशात टेकून बसवतो, मान किंचित वळवतो आणि गळ्याची शीर कुठवर भरलीय ते बघतो. छातीच्या हाडाच्या उंचवट्यापासून तीन सेंटिमीटरच्या वर लहर दिसली, तर उजव्या बाजूचा दाब वाढलाय. पट्टी आणि नजर, खर्च शून्य. हे बघायची सवय सुटत चाललीय, याचं वाईट वाटतं.

आणि घरात वजनकाटा. सकाळी, लघवीला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी. तीन दिवसांत दोन किलोहून जास्त वाढलं तर ती चरबी नव्हे, पाणी; त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. लघवीची गोळी आपल्या मनानं वाढवायची नाही, मे महिन्यात तर नाहीच. आपल्याकडच्या उन्हात अंगातलं पाणी तसंही आटतं. बिबडे, पापड, लोणचं यांच्या मिठाचं तर काय सांगावं.

आबा काट्यावर चढतात. सून पेन्सिल घेऊन कॅलेंडरपाशी उभी.

"कितलं भरनं, आबा?"

"कालना इतलंच."

ती काही बोलत नाही. पेन्सिल कानामागं खोचते आणि वाकून काटा स्वतः बघते.