दुसऱ्यांदा पिळा

हे पाणी बघा. एका काकडीचं आहे. अर्ध्या तासापूर्वी ती टणक, कोरडी दिसत होती. पण काकडीच्या वजनात सुमारे ९५ टक्के पाणीच असतं. ते आधी काढलं नाही, तर नंतर दह्यात सुटतं, आणि त्झात्झिकी, म्हणजे ग्रीक पद्धतीची दही-काकडीची कोशिंबीर, ताटभर पळते.

म्हणून सुरुवात जाड किसणीपासून. मोठी काकडी, सालासकट. बिया जून असतील तर चमच्याने खरवडून टाकायच्या. किसावर अर्धा चमचा मीठ, आणि कीस चाळणीत. मीठ पेशींतलं पाणी बाहेर ओढतं. एक थेंब... दुसरा... मग बारीक धार.

आता हात. कीस फडक्यात घ्यायचा, पुरचुंडी करायची, पिळायची. पाणी संपलं असं वाटतं. नाही संपलेलं. कीस फडक्यातच मोकळा करून पुन्हा पिळायचा. बघा, अजून केवढं निघालं! सगळी मेहनत या दुसऱ्या पिळण्यात आहे. विकतच्या काही डब्यांत हेच काम स्टार्चकडे सोपवलेलं असतं. घरी त्याची गरजच नाही.

दहीसुद्धा निथळलेलंच हवं. अडीचशे ग्रॅम घट्ट चक्का, साखर न घातलेला. दह्यातली निवळी गळून जाते, तेव्हा तिच्याबरोबर दुधातली थोडी साखरही जाते.

लसूण एकच पाकळी. अख्खी असताना तिला फारसा वास नसतो. किसली की पेशी फुटतात, अ‍ॅलिसिन हे उग्र वासाचं द्रव्य तयार होतं, आणि हा झणका येतो. वर चिरलेला शेपू, चमचाभर व्हिनेगर, दोन चमचे ऑलिव्ह तेल. हलक्या हाताने कालवायचं.

त्झात्झिकी हे नाव ग्रीकमध्ये तुर्कीतल्या ‘जाजिक’वरून आलं. तिकडे जाजिक बऱ्याचदा पातळ, वाटीतून चमच्याने खाण्याजोगं करतात. ग्रीसमध्ये मात्र ती घट्टच लागते: सुवलाकीच्या, म्हणजे सळईवर भाजलेल्या मांसाशेजारी, तळलेल्या झुकिनीच्या कापांशेजारी.

सहा जणांत वाटली, तर कर्बोदकं माणशी साधारण ३ ते ४ ग्रॅम. दोन-तीन दिवसांत संपवावी, फ्रिजमध्ये ठेवून.

तासभर गार झाल्यावर चमच्याच्या पाठीने मधोमध खळगा. त्यात तेल. आणि बघा, कडेला पाण्याचा थेंबसुद्धा नाही.